अडीच माणसांची उंची

रत्नागिरीला आमच्या कॉलेजच्या वसतिगृहात मुलींना गावाच्या नावाने हाक मारायची पद्धत होती. माझे वडील कोयनेच्या वीजगृहात नोकरीला होते, आम्ही पोफळीच्या कॉलनीत राहायचो, म्हणून मी पोफळी. माझ्या खोलीतल्या दोघींपैकी एक पूर्णगडची आणि दुसरी गणपतीपुळ्याची. पुळ्याच्या मुलीचे नाव लांब पडायचे म्हणून ती नुसती पुळे. हजेरीपटाबाहेर आमची खरी नावे कुणी वापरत नसे आणि मीही ती इथे वापरणार नाही.

आम्ही तिघी कॉलेजच्या मनोऱ्यांच्या पथकात होतो. हे पथक आमच्या शारीरिक शिक्षणाच्या बाईंनी उभे केले होते. क्रीडादिनाला मुलींनी नुसते लेझीम खेळावे हे त्यांना मान्य नव्हते. त्यांच्या माहेरी सगळे भाऊ गोविंदा पथकात. लहानपणी अंगणाच्या गडग्यावर बसून पाहिलेली थर लावण्याची सगळी विद्या त्यांनी आम्हांला दिली. आमचे चार थर सहज लागत. गोपाळकाल्याला शहरातल्या महिलांच्या हंडीसाठी आम्हांला बोलावणे येई. पुळे सर्वांत वर, पूर्णगड सर्वांत खाली मध्यभागी आणि मी तिच्या मागे आधाराला. मी भौतिकशास्त्र घेतले होते. भार कुणाच्या कोणत्या खांद्यावर किती उतरतो हे मी कागदावर काढून बाईंना दाखवत असे आणि बाई तो कागद गांभीर्याने पाहून घडी घालून पर्समध्ये ठेवत असत.

बाईंचा पहिला नियम एकच होता, मान खाली. तळाच्या मुलींनी एकमेकींच्या खांद्यांवर हात घट्ट रोवायचे, हनुवटी छातीला लावायची आणि वर काय चालले आहे याचा विचारही करायचा नाही. याला कारण होते. चढणारीचा पाय खांद्यावर पडतो. तळाची मुलगी उत्सुकतेने वर बघू लागली तर तोच पाय तिच्या तोंडावर पडतो. पूर्णगड हा नियम इतका पाळायची की तीन वर्षे पुळेला खांद्यावर घेऊनही तिने तिला वर उभी राहिलेली एकदाही पाहिलेली नव्हती.

दोन हजार आठ सालच्या उन्हाळ्यात क्रिकेटच्या मैदानावर नाचणाऱ्या मुली टीव्हीवर दिसू लागल्या आणि चीअरलीडिंग हा शब्द रत्नागिरीत आला. तो आला तो बदनाम होऊनच. त्यामुळे जुलैत बाई वर्तमानपत्राचे एक कात्रण घेऊन वसतिगृहात आल्या, तेव्हा आमच्या रेक्टरबाईंनी ते चिमटीत धरून वाचले. जागतिक चीअरलीडिंग स्पर्धेसाठी भारताचा संघ निवडायचा आहे, इच्छुक पथकांनी कळवावे, अशी ती बातमी होती.

"म्हणजे त्या चिंध्या हलवायच्या?" रेक्टरबाईंनी विचारले.

"चिंध्या नाहीत हो, मनोरे आहेत. उचलणं, फेकणं, झेलणं. आमच्या मुली आणखी काय करतात?" बाई म्हणाल्या.

"आणि कपडे?"

"पूर्ण पायाची पँट चालते. पोफळीने नियम वाचलेत."

मी नियम वाचलेले नव्हते. पण बाईंनी एकदा तसे सांगितल्यावर वाचणे भागच होते. त्याच संध्याकाळी मी बस स्थानकाजवळच्या सायबर कॅफेत जाऊन बसले.

त्या वाचनाने माझी झोप उडवली. आमच्यातली एखादी कबड्डी खेळत असती तर तिला तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, देश अशा पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या आणि प्रत्येक पायरीवर तिच्याहून दांडगी मुलगी उभी असती. इथे तसे नव्हते. जागतिक संघटना प्रत्येक देशातल्या एकाच संघटनेला मान्यता देते. त्या संघटनेने नाव दिले की संघ स्पर्धेत. एका गटात एका देशाचा एक संघ. नाव कसे ठरवायचे हे ज्या त्या देशाने पाहायचे. जिथे हा खेळ मुरलेला आहे तिथे राष्ट्रीय स्पर्धा होते आणि जिंकणारा जातो. जिथे तो नवा आहे तिथे आधी चित्रफीत मागवतात, मग शिबिर घेतात, मग यादी लावतात. आणि खेळाडूकडे त्या देशाचा पासपोर्ट हवा. म्हणजे आमच्या मैदानापासून जगापर्यंत फक्त तीन दारे होती आणि त्या दारांसमोर अजून गर्दी नव्हती. मला जगात जायचे होते, आणि कोणत्या दाराने जायचे याबद्दल माझा काही आग्रह नव्हता.

अडचण एकच होती. अडीच माणसांपेक्षा उंच मनोरा रचायला मनाई होती.

"अडीच?" पुळे म्हणाली. "अर्धं माणूस कुठून आणायचं?"

"पोफळी आहे की," पूर्णगड म्हणाली. "नुसतं डोकं आहे, बाकी काय नाय."

मी समजावून सांगितले. मांडीवर उभी राहिलेली मुलगी धरली तर ती दीड माणसांची उंची. खांद्यावर उभी राहिली तर दोन. आणि खालच्यांनी हात सरळ वर ताणून तळव्यांवर तोलून धरली तर अडीच. तिला फ्लायर म्हणतात, खालच्या मुलींना बेस आणि मागे आधाराला असते ती स्पॉटर. पुळे ऐकत होती, पण तिचा चेहरा उतरत चालला होता.

"म्हणजे मी चौथ्या थरावरून उतरून हिच्या हातावर यायचं? बढती म्हणायची का ही?"

"माझ्या हातावर यायला नशीब लागतं गो," पूर्णगड म्हणाली.

"तुझ्या हाताला मासळीचा वास येतो."

"आणि तुझ्या पायाला अत्तराचा येतो का, मेले?"

पूर्णगडच्या काकांच्या दोन होड्या होत्या, वडील कुवेतला होते. घरातली कामे करून तिचे खांदे असे घडले होते की आमच्यातली कुणीही तिच्यावर निःशंक उभी राहावी. स्वभावाने ती मुळीच गरीब नव्हती. शब्द खाली पडू द्यायचा नाही ही तिची ख्याती होती. मात्र मनोरा रचताना ती पूर्ण गप्प होई. मान खाली, डोळे मिटलेले, जणू दार लावून घरात बसली आहे.

आम्ही चार थरांचा मनोरा अडीच माणसांवर आणला. महिनाभर हात थरथरले, मग थांबले. जिमखान्यातल्या गाद्या कमी पडल्या तेव्हा वसतिगृहातल्या काथ्याच्या गाद्या मैदानात आल्या. संध्याकाळी त्या झोडून परत न्याव्या लागत, तरी जांभ्याची तांबडी धूळ सगळ्यांच्या पाठीवर उतरत असे. चित्रफितीसाठी बाईंनी लग्नाचे चित्रीकरण करणारे एक गृहस्थ आणले. त्यांनी काम मनापासून केले. फीत हातात आली तेव्हा सुरुवातीला पाकळ्यांचा वर्षाव होता आणि पुळे तळव्यांवर उभी राहिली त्या क्षणी तिच्याभोवती बदामाच्या आकाराची चौकट उमलत होती. बाईंनी ती तशीच पाठवली. "खेळ दिसतोय ना? झालं," त्या म्हणाल्या.

उत्तर ईमेलने आले आणि ते मी कॅफेतून छापून आणले. चौकटीविषयी त्यात काही नव्हते. पथक ताकदवान आहे, तोल उत्तम आहे. परंतु बेस मुली फ्लायरकडे पाहत नाहीत. मधली बेस तर एकदाही वर पाहत नाही. या खेळात खालच्यांनी वरच्या मुलीवरची नजर काढायची नसते, कारण ती पडली तर झेलणार त्याच असतात. हे सुधारल्याशिवाय शिबिराला बोलावता येणार नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी नवी फीत पाठवावी.

बाईंनी ते दोनदा वाचले. तीन वर्षे ज्याला त्यांनी शिस्त म्हटले होते तोच इथे दोष ठरला होता. "बरोबर आहे त्यांचं," त्या शेवटी म्हणाल्या. "हंडीत वरची पडली तर झेलायला खाली अख्खा गाव असतो. इथे आपणच आहोत." मग त्यांनी पूर्णगडकडे पाहिले. "तुला वर बघायला शिकावं लागेल. नाही जमलं तर मधे दुसरीला घ्यावं लागेल. मला ते करायचं नाही, पण पथक अडवून धरता येणार नाही."

पूर्णगडने मान हलवली. तिच्या जागी उभी राहील अशी दुसरी पथकात नव्हती, हे आम्हां सर्वांना माहीत होते, बाईंनाही.

बाकीच्या मुलींना चार दिवसांत सवय झाली. पूर्णगडला होईना. ती पुळेला छातीपर्यंत उचलायची, मग बाई ओरडायच्या, "वर!" ती डोळे वर न्यायची आणि तिचे गुडघे लटपटू लागायचे. पुळे गाद्यांवर. पुन्हा उचल, पुन्हा "वर!", पुन्हा गाद्यांवर. जिच्या खांद्यांवर तीन थर उभे राहिले होते ती एका पुळेखाली डगमगत होती. मला हे यांत्रिकदृष्ट्या अशक्य वाटत होते. मानेचा कोन बदलल्याने तोल एवढा ढळायचे कारण नव्हते.

मी उपाय सुचवले. समोरच्या भिंतीला आरसा टेकवला, म्हणजे मान न उचलता पुळे दिसावी. ती आरशात स्वतःचे पाय बघत बसली. पुळेच्या हनुवटीखाली तांबडी रिबन बांधली, नजरेला खूण म्हणून. रिबन हलली की पूर्णगड हलायची. तिसऱ्या उपायाला बाईंनी मला थांबवले.

त्या रात्रीच्या जेवणाला मी तिला सरळ विचारले की वर बघितल्यावर नेमके काय होते.

तिने भात कालवत विचार केला. "खाली बघितलं की मला नुसतं वजन कळतं," ती म्हणाली. "वजनाचं काय, कितीपण उचलेन. वर बघितलं की माणूस दिसतं. ती हसते, तिचे दात दिसतात, नाकपुड्या दिसतात. मग वाटतं, ही पडली तर?"

"एवढी वर्षं पडू शकतच होते की मी," पुळे म्हणाली.

"तेव्हा मला ठाऊक नव्हतं गो."

माझ्या कागदांवर पूर्णगडच्या वाट्याला नेहमी एक बाण असे, सरळ खाली जाणारा. तो बाण पुरेसा का पडत नव्हता, हे मला त्या ताटावर कळले. मात्र त्यावर करायचे काय ते कळले नाही.

ते पुळेने केले आणि तेही ठरवून नव्हे. दुसऱ्या दिवशी चार वेळा पडून ती वैतागली होती. पाचव्यांदा वर गेल्यावर तिने तिथूनच तोंड सोडले. "शोभेचे खांदे आहेत तुझे! आमच्या गावचा नारळवालासुद्धा मला नीट उचलील!"

पूर्णगडला उत्तर दिल्याशिवाय राहवेना आणि भांडताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघणे तिला ठाऊक नव्हते. तिची मान खाडकन वर गेली. "मग जा त्याच्याकडे! नारळासारखा सोलील तुला!"

"सोलू दे! निदान बघून तरी सोलील!"

"बघतेय ना मी! डोळे फोडून बघतेय! सरळ उभी राहा आधी, केळीसारखी वाकू नको!"

भांडण चालू होते आणि पुळे ताठ उभी होती. बाईंनी ओठांवर बोट ठेवून आम्हांला इशारा केला. कुणी हललेसुद्धा नाही. पूर्णगडचे हात सरळ, नजर वर, आणि तोंडाचा पट्टा अखंड. गुडघ्यांकडे लक्ष द्यायला तिला फुरसतच नव्हती.

यानंतर आमचा सराव म्हणजे रोजचे भांडण झाले. पुळे दिवसभर विषय जमवून ठेवत असे. हळूहळू शब्द कमी झाले, नजर राहिली. दिवाळीआधी दुसरी फीत गेली. यावेळी बाईंनी त्या गृहस्थांकडून पाकळ्या घालणार नाही असे कबूल करून घेतले होते. शिबिराचे बोलावणे आले तेव्हा पूर्णगडने ते स्वतः वाचून पाहिले, मग आणखी एकदा पाहिले.

मध्यंतरी पूर्णगड सोडून आम्ही सगळ्यांनी पासपोर्टसाठी अर्ज केले होते आणि घरोघरी खळबळ उडाली होती. माझ्या वडिलांनी कॉलनीतल्या चौघांना विचारले, चौघांनी चार गोष्टी सांगितल्या. पूर्णगडच्या घरी मात्र सगळ्यांचे पासपोर्ट कपाटात होतेच. वडील आखातात असलेल्या घरात ती नेहमीची वस्तू होती. आमच्या अर्जांची पोलीस चौकशी शिबिरापर्यंत पूर्ण झाली नाही.

शिबिर मुंबईत एका शाळेच्या सभागृहात होते. आम्ही कोकण रेल्वेने गेलो. नवे पांढरे कॅनव्हासचे बूट पायांत होते आणि अनवाणी पायांची सवय असल्याने पुळेला आपण लाकडावर उभ्या आहोत असे वाटत होते. तिथे कळले की या वर्षी कोणतेही पथक अख्खे जाणार नाही. आलेल्या पथकांतून एकेक खेळाडू वेचून देशाचा एकच संघ बांधायचा आणि नाव फक्त त्याचेच द्यायचे ज्याचा पासपोर्ट आज हातात आहे. पासपोर्टचा नियम मी वाचलेला होता. तो आमच्यावर असा येऊन बसेल असे वाटले नव्हते.

आमची पाळी आली. संगीत इतके मोठे होते की बोलणे ऐकू येणे शक्य नव्हते. पुळे वर गेली, अडीच माणसांच्या उंचीवर हात पसरून उभी राहिली आणि नव्या बुटाचा तळ घसरला. मी मागे होते. मला तो घसरलेला दिसेपर्यंत पूर्णगड हललेली होती. तिने रांग मोडली, एक पाऊल बाहेर टाकले आणि पुळेला कमरेत दोन्ही हातांनी झेलून जमिनीवर उभे केले. पुळेच्या केसांतली पिनसुद्धा पडली नाही. आमचा मनोरा मोडला, त्याचे गुण गेले. परीक्षकांपैकी एक बाई मात्र पूर्णगडकडे पाहत काहीतरी लिहीत राहिल्या.

संध्याकाळी नावे वाचली. आमच्यातली एकच, पूर्णगड.

परतीच्या गाडीत आम्ही तिचे अभिनंदन केले. मला वाईट वाटत होते. ते स्वतःसाठी होते हेही मला दिसत होते. पुळेने सगळ्यांच्या वाटणीची चिक्की एकटीने खाल्ली. आणि संगमेश्वर मागे पडल्यावर पूर्णगड म्हणाली, "मी नाय जाणार."

बाईंनी कारण विचारले.

"तिकडे कोण ती फ्लायर येणार, दिल्लीची की कुठली. हिचं मला सगळं ठाऊक आहे. घाबरली की हिचा डावा अंगठा आधी दुमडतो. त्या दुसरीचं मला काय कळणार? तिला बघून माझे गुडघे गेले म्हणजे?"

वसतिगृहात परतल्यावर तिने कुवेतला फोन लावला. मी शेजारीच उभी होते. तिचे वडील मोठ्याने बोलत, लांबच्या फोनवर सगळेच बोलतात तसे. "जायचं नसेल तर नको जाऊ," ते म्हणाले. "पण पासपोर्ट होता म्हणून घेतलं असं मनात असेल, तर ते काढून टाक. पासपोर्ट तर तुझ्या भावाकडेपण आहे. त्याला कुणी बोलावलं?"

ती हसली, पण हो म्हणाली नाही. कळवायला दोन दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुळेने आम्हां दोघींना आणि आणखी एका बेसला मैदानात ओढून नेले. रात्री ती रडली असावी. डोळे सुजलेले होते आणि आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. तिने स्वतःच गाद्या टाकल्या.

"अनोळखी फ्लायर उचलायची भीती आहे ना हिला? मग आज दुसरीला उचलू दे. पोफळी, चढ."

"मी?" मी म्हटले. "मी स्पॉटर आहे. माझं वजन तुझ्या..."

"वजनाचं ती म्हणतच नाय. चढ."

या सगळ्या वर्षांत मी एकदाही वर गेले नव्हते. कोणत्या क्षणी गुडघा सरळ करायचा, भार टाचेवर किती ठेवायचा, पोट कसे आवळायचे, हे मी इतरांना शिकवले होते. पूर्णगड आणि दुसरी बेस समोरासमोर बसल्या, त्यांनी तळवे मांडले, माझ्या जागी मागे पुळे उभी राहिली. मी पाय ठेवला. पूर्णगडचा तळवा खरखरीत आणि गरम होता.

"एक, दोन," पुळे म्हणाली आणि मी छातीच्या उंचीवर गेले. तिथे मला जे ठाऊक होते ते सगळे नाहीसे झाले. मैदानाची कड, कुंपण, त्यामागची आंब्याची कलमे, सगळे एकदम माझ्याकडे सरकले. माझा एक घोटा हलू लागला आणि मला तो थांबवता येईना.

"वर नेऊ?" पूर्णगडने विचारले.

"नको."

"नेते."

तिचे हात सरळ झाले. मी अडीच माणसांच्या उंचीवर होते आणि माझ्याकडे एकही सूत्र नव्हते. मी खाली पाहिले. खाली बघायचे नसते, हे मीच पुळेला शंभरदा सांगितले होते. पूर्णगडचा चेहरा पूर्ण वर वळलेला होता. तिच्या कपाळावर घाम होता, भुवया आखडलेल्या होत्या आणि ती माझ्याकडे अशी पाहत होती की माझ्यातला कोणता भाग आधी घाबरतो ते तिला आत्ता, याच मिनिटाला, शिकून घ्यायचे आहे. तिचे गुडघे स्थिर होते.

"उजवा घोटा," ती म्हणाली, मला नव्हे, स्वतःला. मग मोठ्याने, "कळलं. तुझा घोटा आधी जातो. हल तू, मी बघतेय."

माझा घोटा थांबला. का, ते मला अजूनही कागदावर मांडता आलेले नाही.

मी किती वेळ उभी होते सांगता येणार नाही. पुळे मागून नाक ओढत होती. शेवटी पूर्णगडने मला खाली घेतले, हात झटकले आणि बाईंच्या खोलीकडे चालू लागली. अर्ध्या वाटेवर वळून तिने पुळेला विचारले, "त्या दिल्लीला मराठी कळतं का गो?"